लाल पिशवीत सुई कुठून येते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ६० खाटांच्या एका रुग्णालयातल्या नर्सिंग इन्चार्ज सिस्टर विचारतात : दरवर्षी जैववैद्यकीय कचऱ्याचे प्रशिक्षण होते, भिंतींवर रंगांचे तक्ते लावलेले आहेत, प्रशिक्षणानंतरच्या चाचणीत बहुतेकांना चांगले गुण मिळतात. तरीही पिवळ्या (जाळायच्या कचऱ्याच्या) पिशवीत सलाइनच्या बाटल्या आणि लाल (पुन्हा वापरात जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या) पिशवीत सुया निघतात. महिन्यापूर्वी अशीच एक सुई पिशवी उचलणाऱ्या मावशींना टोचली. व्यवस्थापनाचे म्हणणे, कर्मचाऱ्यांत जागरूकता नाही. आणखी एक प्रशिक्षण घ्या आणि जो चुकेल त्याच्या पगारातून दंड कापा. यावर काय करावे?

सिस्टर, प्रशिक्षणाचे आणि दंडाचे नंतर बोलू. आधी त्या मावशींचे बघा. टोचले त्या दिवशी त्यांची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी यांची रक्ततपासणी झाली होती का, याची नोंद शोधा. झाली असेल तर सहा आठवड्यांची तपासणी आता जवळ आली आहे. त्यानंतर तीन आणि सहा महिन्यांनी पुन्हा. झाली नसेल तर आज करून घ्या, आणि उशीर झाला हे नोंदवहीत स्पष्ट लिहा. हिपॅटायटिस बीची लस त्यांनी कधीच घेतली नसेल तर पहिला डोस आजच द्या, पुढचे एक आणि सहा महिन्यांनी. तिसऱ्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची पातळी तपासा. ती १० mIU/mL किंवा त्याहून जास्त असली की लस लागू पडली असे समजायचे. ही शेवटची तपासणी सगळीकडे राहून जाते.

टोचल्यावर सगळ्यांच्या मनात एचआयव्हीची भीती असते. बाधित रुग्णाच्या सुईने एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के आहे, हिपॅटायटिस सीची दोन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, आणि लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी होण्याची ३० टक्क्यांपर्यंत. म्हणजे ज्याचा धोका सर्वांत मोठा त्यावरच खात्रीची लस आहे, आणि नेमके पिशव्या उचलणाऱ्या माणसांचेच लसीकरण अर्धवट असते, कारण ती कंत्राटी असतात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत मात्र असा भेद नाही. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे आणि वर्षातून एकदा आरोग्य तपासणी करणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. पगार कंत्राटदार देतो म्हणून ती सुटत नाही.

पुढच्या वेळेसाठी, जी येऊ नये : जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची. पिळून रक्त काढायचे नाही, बोट तोंडात घालायचे नाही, वर स्पिरिट किंवा हायपोक्लोराइट (ब्लीचचे पाणी) ओतायचे नाही. आणि लगेच ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगायचे. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत सुरू करायची असतात. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत. सुरू केली तर २८ दिवस पूर्ण घ्यायची. पिशवीतली सुई कुठल्या रुग्णाची हे कळत नाही, त्यामुळे औषधे द्यायची की नाही हा निर्णय डॉक्टरांना अंदाजाने घ्यावा लागतो. ज्याला लस नाही त्याला हिपॅटायटिस बीचे इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचे इंजेक्शन) द्यायचे तर तेही शक्यतो २४ तासांतच. "सकाळी मॅडम आल्या की सांगते" म्हणून मावशी थांबल्या की हे सगळे हातचे जाते. तेव्हा रात्री दोन वाजता कुणाला उठवायचे आणि औषध कुठल्या कपाटात आहे, हे त्यांना माहीत असायला हवे. रंगांच्या तक्त्यापेक्षा हा कागद आधी भिंतीवर लावा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. तुमच्या लोकांना माहिती नाही, असे मला वाटत नाही. चाचणीत "वापरलेली सुई कुठे टाकाल?" असे विचारले तर सगळे "पांढऱ्या डब्यात" असेच लिहिणार. पण चाचणी दुपारी, खुर्चीत बसून, हात मोकळे असताना होते. सुई टाकायची वेळ येते ती रात्रपाळीत. दोन सिस्टर, पूर्ण भरलेला वॉर्ड, शेवटच्या खाटेवर इंजेक्शन दिलेले, आणि नीडल कटर नर्सिंग स्टेशनच्या टेबलावर. सुई ट्रेमध्ये राहते. तिच्यावर स्पिरिटचा बोळा पडतो, बोळ्यावर सिरिंजचे वेष्टन, त्यावर रिकामी व्हायल (औषधाची छोटी बाटली). तोवर कुणाचे तरी सलाइन संपते. दहा मिनिटांनी ट्रे रिकामा करायची वेळ येते तेव्हा आत काय काय आहे हे दिसतच नाही, आणि सगळे एकदम जवळच्या पिशवीत जाते. ही चूक होते त्या क्षणी माहितीचा प्रश्नच उद्भवत नाही.

म्हणून आणखी एक प्रशिक्षण घेण्याआधी एक काम करा. एक पूर्ण पाळी इंजेक्शनच्या राऊंडमागून फिरा. कुणाला काही सांगू नका, फक्त एका सुईवर लक्ष ठेवा : रुग्णाच्या दंडातून निघाल्यापासून डब्यात पडेपर्यंत ती कुठे कुठे टेकली? ट्रे, गादी, लॉकर, सिंकची कड, खिसा. हो, खिसाही. टेकण्याची प्रत्येक जागा म्हणजे चुकीची आणि टोचण्याची एकेक संधी. या जागा कमी करणे हे तुमचे खरे काम, आणि ते बहुतांशी सामानाच्या मांडणीचे काम आहे.

सुईचा पांढरा डबा आणि कटर ट्रॉलीवर बसवा आणि ट्रॉली खाटेपर्यंत न्या. बहुतेक वॉर्डांत एवढ्यानेच मोठा फरक पडतो. टोपण पुन्हा बसवायची सवय मोडा. ती मोडते ती सांगून नाही, तर हाताजवळ डबा असला की टोपण बसवायची गरजच उरत नाही म्हणून. डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद करायचा. वरपर्यंत भरलेल्या डब्यात पुढची सुई बोटाने दाबावी लागते, आणि कुणी ना कुणी ती दाबतोच.

लाल-पिवळ्या बादल्यांचे उलटे आहे. त्या जितक्या जास्त तितके बरे असे वाटते, पण प्रत्येक खाटेजवळ लाल आणि पिवळी बादली ठेवली की नातेवाईक त्यांत कप, वर्तमानपत्र, बिस्किटाचे पुडे टाकतात. मग ती पिशवी उपसत बसायची का? मुळीच नाही. एकदा मिसळलेला कचरा हाताने वेगळा करायचा नाही, तो सगळाच संसर्गजन्य धरायचा. नातेवाइकांच्या हाताशी फक्त साध्या कचऱ्याची बादली असावी. लाल-पिवळ्या बादल्या ड्रेसिंग ट्रॉलीवर, प्रोसिजर रूममध्ये, नर्सिंग स्टेशनच्या आतल्या बाजूला. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने रुग्णालयातला साधारण ८५ टक्के कचरा घरातल्यासारखाच साधा असतो, घातक असतो तो उरलेला १५ टक्के. वर्गीकरण चुकले की हे १५ टक्के सगळ्या शंभराला बाटवतात.

एक विचित्र गोंधळ नव्या माणसांत दिसतो. शहरभर कोरड्या कचऱ्याला निळा डबा असतो. रुग्णालयात निळा म्हणजे काच आणि शरीरात बसवलेले धातूचे रोपण. नव्या वॉर्डबॉयने निळ्या डब्यात खोकी टाकली तर तो बाहेर शिकलेलेच करतो आहे. डब्यावर 'निळा' लिहून काही होत नाही. 'काचेच्या व्हायल, अँपूल' असे लिहा आणि शेजारी चित्र लावा.

यापुढचा भाग कुणाला आवडत नाही, पण स्टोअरची इंडेंट (मागणीची) वही उघडून बघाच. लाल पिशव्या महिन्यातून किती दिवस संपलेल्या असतात? लाल संपली की पिवळी वापरतात, पिवळी संपली की लाल, आणि तपासणीत हे दिसले की सिस्टरांच्या 'जागरूकते'वर ताशेरे. मागणीच उशिरा मंजूर होत असेल तर त्या वॉर्डाला शिकवून काय होणार? पिशव्या घेताना त्या क्लोरीनविरहित प्लॅस्टिकच्या आहेत ना, जैविक धोक्याचे चिन्ह आणि बारकोड आहे ना, हेही खरेदी विभागाकडून लेखी घ्या. क्लोरीनयुक्त पिशव्यांना दिलेली मुदत मार्च २०१९ मध्येच संपली आहे.

आता रंगांबद्दल. आपण रंग पाठ करून घेतो आणि कारण सांगत नाही. त्यामुळे यादीत नसलेली वस्तू हातात आली की माणूस अंदाज बांधतो, आणि तो अंदाज बहुतेक वेळा 'रक्त लागले आहे ना, मग पिवळ्यात' असा असतो. रक्ताचे हातमोजे, रक्ताचा आयव्ही सेट, सगळे पिवळ्यात जाते ते यामुळेच. मी शिकवताना रंग नंतर सांगतो, आधी विचारतो : ही वस्तू इथून निघून कुठे जाणार? पिवळ्यातले बहुतेक सगळे भट्टीत जळते. लाल पिशवीतले वाफेने निर्जंतुक होते, त्याचे तुकडे होतात आणि प्लॅस्टिक पुन्हा वापरात जाते. पांढऱ्या डब्यातले धारदार धातू निर्जंतुक करून मोडले जातात. निळ्यातली काच निर्जंतुक होऊन काच कारखान्याकडे जाते. एकदा हे डोक्यात बसले की हातमोजा लाल पिशवीत का, हे सांगावे लागत नाही : त्याला कितीही रक्त लागो, तो वाफेत टिकतो आणि मग त्याचे तुकडे करता येतात. कापसाचे तसे होत नाही. तो जाळावाच लागतो.

भट्टीत काय जाऊ नये, हेही यातूनच कळते. सलाइनची बाटली बहुधा पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीनची असते. ती पिवळ्यात गेली तर वाया जाते, एवढेच. पण तिच्यासोबत येणारा आयव्ही सेट आणि युरिन बॅग पीव्हीसीच्या असतात. पीव्हीसीत क्लोरीन असतो, आणि क्लोरीनयुक्त वस्तू जळताना डायॉक्सिन आणि फ्युरान ही विषारी रसायने तयार होतात. म्हणून तर भट्टीच्या दुसऱ्या कक्षात १०५० अंशांच्या आसपास तापमान आणि धुराला किमान दोन सेकंदांचा मुक्काम सक्तीचा आहे, आणि धुरातल्या डायॉक्सिन-फ्युरानची मर्यादा घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम इतकी सूक्ष्म आहे. तुमच्या पिवळ्या पिशवीतल्या चार युरिन बॅगा त्या मर्यादेशी खेळतात. लाल पिशवीतल्या सुईचेही असेच. ती वॉर्डातल्या मावशींना टोचली नाही तर गाडीवरच्या माणसाला टोचते, त्याला नाही तर प्रक्रिया केंद्रात पिशवी रिकामी करणाऱ्याला. केंद्रातला तो माणूस आपल्याला कधी दिसत नाही, त्याच्या सुया मोजणाऱ्यांतही आपण नसतो.

तरी काही वस्तू अडतातच. ब्लड बॅग प्लॅस्टिकची असूनही पिवळ्यात जाते, आणि तीही रुग्णालयातच ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करून. नियमच तसा आहे, कारण आत रक्त उरलेले असते. रक्ताच्या नमुन्याच्या नळ्या आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या कल्चर प्लेटा यांनाही आधी जागेवरच निर्जंतुक करावे लागते. प्लॅस्टरचा साचा पिवळा. डिस्पोजेबल मास्क आणि गाऊन पिवळे, हातमोजे लाल. रिकामी काचेची व्हायल निळ्यात. तीच व्हायल मुदत संपलेल्या औषधाने भरलेली असेल तर पिवळ्यात. आणि केमोथेरपीच्या औषधाची असेल तर रिकामी असली तरी निळ्यात नाही, पिवळ्यात, सायटोटॉक्सिकची (पेशींना मारक औषधाची) खूण असलेल्या वेगळ्या पिशवीत. कॅन्युलाची (शिरेत बसवायच्या नळीची) आतली सुई पांढऱ्यात, प्लॅस्टिकचा भाग लालमध्ये. स्काल्प व्हेन सेटची (बारीक सुई जोडलेल्या नळीची) सुई कापून पांढऱ्यात, नळी लालमध्ये. सुई न निघणारी सिरिंज, जशी काही इन्शुलिन सिरिंज असते, ती अख्खी पांढऱ्यात. युरिन बॅग आधी स्लुइसमध्ये (घाण पाणी ओतायच्या जागी) रिकामी करायची, मग लालमध्ये. भरलेल्या बॅगेने पिशवीही फाटते आणि मावशींचे कपडेही भिजतात. सिरिंजचे कागदी-प्लॅस्टिक वेष्टन मात्र साध्या कचऱ्यात. पिवळ्या पिशवीचे वजन उगाच वाढते ते बऱ्याच अंशी या वेष्टनांनीच.

जुन्या सिस्टर मुदतबाह्य औषधे काळ्या पिशवीत टाकताना दिसल्या तर रागावू नका. १९९८ च्या नियमांत ती काळ्यातच जायची, आणि रक्ताळलेला कापूस लाल पिशवीतही चालायचा. तेव्हा दहा प्रकार होते. २८ मार्च २०१६ च्या नियमांनी त्यांचे चार रंगांत वर्गीकरण केले, २०१८ मध्ये पुन्हा दुरुस्ती झाली आणि निळ्या खुणेच्या पुठ्ठ्याच्या खोक्याऐवजी भोक पडणार नाही, गळणार नाही असा डबा आला. ज्यांनी जुना नियम मन लावून शिकला त्यांना तो विसरायला जड जातो. त्यांच्याशी बोलताना 'हे बदलले, ते या वर्षी' असे सांगितले की पटते. 'तुम्हाला माहीत नाही' म्हटले की नाही पटत.

त्याच काळाचा दुसरा अवशेष म्हणजे हायपोक्लोराइटची बादली. वापरलेल्या सिरिंजा आणि सुया ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवायच्या आणि संध्याकाळी गाळून पिशवीत भरायच्या. जो कचरा सामायिक (अनेक रुग्णालयांचा कचरा घेणाऱ्या) प्रक्रिया केंद्राला जातो, त्याला याची गरज नाही. उलट दर वेळी त्या सुया आणखी एकदा हाताळाव्या लागतात, अंगावर शिंतोडे उडतात, आणि सकाळी केलेले द्रावण दुपारपर्यंत कमजोर झालेले असते. पिवळ्या पिशवीतल्या कापसावर ब्लीच ओतणे तर सरळ चूक, कारण तो क्लोरीनही भट्टीतच जातो. रसायनाची पूर्वप्रक्रिया जाळायच्या कचऱ्यावर करू नये, असे नियमच सांगतो. प्रयोगशाळेचा आणि अतिसंसर्गजन्य कचरा तेवढा अपवाद. १ ते २ टक्के हायपोक्लोराइट ठेवा ते सांडलेल्या रक्तासाठी आणि द्रव कचऱ्यासाठी.

डॉक्टरांबद्दल मी नेहमी जरा कडक बोलतो. लेखी चाचणीत डॉक्टर पहिले येतात आणि वॉर्डात सर्वांत जास्त सुया तेच सोडून जातात. लंबर पंक्चर झाले, सेंट्रल लाइन टाकली, हातमोजे काढून गादीवर ठेवले, ट्रे तसाच. गॉजच्या ढिगाखाली दोन सुया आणि एक ब्लेड. सिस्टर आवरतील! त्या आवरतात, आणि त्यांनाच टोचते. ऑपरेशन थिएटरमध्ये तर ड्रेपच्या (रुग्णावर घालायच्या कापडाच्या) घड्यांत टाक्याची सुई राहून लाँड्रीपर्यंत जाते आणि तिथल्या माणसाला टोचते. त्याला तर कचऱ्याचे प्रशिक्षण कधी दिलेलेच नसते. यावर मला एकच नियम चालताना दिसला आहे : ज्याने सुई वापरली त्यानेच ती टाकायची, रुग्णापासून दूर जाण्याआधी. ब्लेड आर्टरी फोर्सेप्सने (चिमट्याने) काढायचे, बोटांनी नाही. आणि हा नियम सिस्टरांनी डॉक्टरांना सांगून चालत नाही. तुमच्या ६० खाटा आहेत, म्हणजे ३० किंवा त्याहून जास्त खाटांच्या रुग्णालयाला सक्तीची असलेली कचरा व्यवस्थापन समिती तुमच्याकडे असलीच पाहिजे, आणि ती सहा महिन्यांतून किमान एकदा बसली पाहिजे. तिचे अध्यक्षपद एखाद्या ज्येष्ठ सर्जनकडे द्या. सर्जनचे ज्युनिअर सर्जनचे ऐकतात.

मावशी आणि मामा यांच्या हातात कचरा येतो तेव्हा वर्गीकरण संपलेले असते. त्यांना रंग शिकवून सुई पिशवीतून बाहेर येणार नाही. त्यांना शिकवायचे ते वेगळे : पिशवी गळ्याशी धरायची, अंगापासून दूर ठेवायची, खालून हात लावायचा नाही, दाबून हवा काढायची नाही, ओढत न्यायची नाही, तीन-चतुर्थांशाच्या वर भरलेली असेल तर इन्चार्जना दाखवायची. तपासणीचे पातळ हातमोजे सुई अडवत नाहीत. त्यांना जाड रबरी हातमोजे, गमबूट, एप्रन, मास्क लागतात. गमबूट एकाच मापाचे आणले जातात आणि मग 'मावशी बूट घालत नाहीत' अशी तक्रार होते. माप विचारून आणा. नेण्याची ट्रॉली झाकणाची हवी, आणि नेण्याची वेळ जेवणाची किंवा भेटीची नको. कचरा ४८ तासांच्या वर साठवायचा नाही. गाडी एक दिवस आली नाही तर दुसऱ्या दिवशी पाठपुरावा करणारा माणूस नेमलेला असावा. साठवणीच्या खोलीला कुलूप हवे. ते कुलूप कशासाठी, तर लाल पिशवीतल्या प्लॅस्टिकला भंगारात किंमत असते. २००९ मध्ये गुजरातमधल्या मोडासा भागात हिपॅटायटिस बीची साथ येऊन कित्येक माणसे दगावली, तिच्या मुळाशी पुन्हा वापरलेल्या सिरिंजा होत्या. सिरिंजचे तोंड कटरने कापायचे ते याचसाठी : ती पुन्हा कुणाच्या हाती लागली तरी वापरता येऊ नये. काही जण नीडल कटरला नुसती औपचारिकता समजतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

काय बदलले हे मोजायला चाचणीच्या गुणांऐवजी पिशव्या बघा. आठवड्यातून दोनदा, पिशवी बांधण्याआधी, न ढवळता वरून जे दिसते ते टिपायचे : कुठला वॉर्ड, कुठली पाळी, कुठली चुकीची वस्तू. नाव टिपायचे नाही. महिन्याभरात चुका कुठे होतात ते दिसायला लागते. एकाच वॉर्डाच्या रात्रपाळीत सुया दिसत असतील तर तिथली ट्रॉली बघा, माणसे नंतर. दुसरे म्हणजे रोजची वजने. रंगनिहाय वजनाची नोंद तुम्हाला वार्षिक अहवालासाठी ठेवावीच लागते, पण ती कुणी वाचत नाही. ती बोलते. एखाद्या वॉर्डात इंजेक्शने तेवढीच आणि पांढऱ्या डब्याचे वजन घटले, तर सुया दुसरीकडे जात आहेत. पिवळे एकदम वाढले आणि लाल घटले, तर प्लॅस्टिक पिवळ्यात जाते आहे, नाहीतर लाल पिशव्या संपल्या आहेत. औषधसाठ्यातून गेलेल्या सिरिंजा आणि लाल पिशवीचे वजन यांचा मेळ बसत नसेल तर साठवणीच्या खोलीचे कुलूप आधी तपासा. कोविडनंतर काही रुग्णालयांत आयसोलेशनमधली प्रत्येक वस्तू, पाण्याची बाटलीसुद्धा, पिवळ्यात टाकायची सवय राहून गेली आहे. तीही या आकड्यांतच पकडता येते.

मग प्रशिक्षण नकोच का? हवे, आणि नियमानेही ते रुजू होताना आणि त्यानंतर दरवर्षी सक्तीचे आहे. पण सभागृहात पन्नास जणांना स्लाइड दाखवून सह्या घेतलेले प्रशिक्षण फक्त फाइलसाठी असते. वॉर्डात, पाळी बदलताना, दहा मिनिटे. तुमच्याच वॉर्डातल्या वस्तू, न वापरलेल्या, एका ट्रेमध्ये मांडायच्या : आयव्ही सेट, ब्लड बॅग, कॅन्युला, व्हायल, हातमोजा, सिरिंज, वेष्टन. एकेकाने उचलायची, योग्य डब्यात टाकायची आणि कारण सांगायचे. जिथे दोघांत वाद होतो तीच त्या दिवशीची शिकवणी. सिस्टर, वॉर्डबॉय, मावशी, इंटर्न सगळे एकत्र उभे असू द्या. मावशींनी इंटर्नला "साहेब, ती ब्लड बॅग लालमध्ये नाही" म्हणावे, एवढी मोकळीक त्या दहा मिनिटांत मिळाली तर वार्षिक प्रशिक्षणाच्या दुप्पट काम होते. कंत्राटी माणसे वारंवार बदलतात, त्यामुळे वर्षातून एकदा हे त्यांच्यासाठी पुरूच शकत नाही. नवा माणूस आला त्या दिवशी पहिल्या पाळीआधी.

शेवटी दंड. व्यवस्थापनाला माझे उत्तर लेखी द्यायला हरकत नाही. दंड लावलात तर पहिल्या महिन्यात चुका कमी दिसतील, कारण बघणारे बघणे सोडतील. दुसऱ्या महिन्यात सुई टोचल्याच्या नोंदी थांबतील. टोचलेली मावशी घरी जाऊन हळद लावेल आणि गप्प बसेल, कारण सांगितले तर 'पिशवी नीट का नाही धरली' म्हणून तिच्याच पगारातून जाईल. सुई टोचण्याच्या घटना नियमांत 'मोठा अपघात' धरल्या जात नाहीत, २४ तासांत कळवण्याची सक्ती त्यांना नाही. पण त्यांची नोंद ठेवावीच लागते आणि ३० जूनपर्यंत जाणाऱ्या वार्षिक अहवालात ती द्यावी लागते. ज्या ६० खाटांच्या रुग्णालयाच्या अहवालात वर्षभर 'शून्य' लिहिलेले असते, तिथल्या नोंदवहीवर माझा विश्वास बसत नाही. डबा हाताशी, पिशव्या साठ्यात आणि समज दिलेली असूनही कुणी मुद्दाम पुन्हा पुन्हा सुई सोडून जात असेल तर त्याच्यावर शिस्तीची कारवाई जरूर करा, आणि ती डॉक्टरांवरही करा. पण आधी ट्रॉली, डबा, पिशव्या यांची मागणी मंजूर करून घ्या. आणि कंत्राटदाराच्या पुढच्या करारात लस, जाड हातमोजे, आणि टोचल्यावर तपासणी-औषधांचा खर्च कोण करणार, हे तीनही मुद्दे नावानिशी घाला. आत्ता ते बहुधा 'कंत्राटदाराची जबाबदारी' अशा एका मोघम ओळीत असतात.